मंदावलेले इंजिन आणि सेन्सरची साक्ष

आजच्या मोटारीत इंजिनाचा कारभार ज्या छोट्या संगणकाकडे असतो आणि ज्याला गॅरेजमध्ये ‘ईसीएम’ म्हणतात, त्याला एखाद्या सेन्सरकडून येणाऱ्या माहितीचा भरवसा वाटेनासा झाला, किंवा त्या माहितीवरून इंजिनाला इजा पोचण्याची चिन्हे दिसू लागली, की तो इंजिनाची ताकद जाणूनबुजून कमी करतो. या संरक्षक अवस्थेला ‘लिंप मोड’ म्हणतात. इंजिन सहसा बंद पडत नाही. पण ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी फेरे मिनिटाला दोन-तीन हजारांच्या पुढे सरकत नाहीत, टर्बोचा दाब चढत नाही, किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स एकाच गिअरमध्ये अडकून राहतो, आणि डॅशबोर्डवर बहुधा ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागलेला असतो. चालकाच्या भाषेत गाडी ‘पिकअप घेत नाही’. ईसीएमच्या दृष्टीने मात्र ती जपून चालवली जात असते, आणि तिने जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत किंवा गॅरेजपर्यंत स्वतःच्या चाकांवर पोचावे, एवढाच या मर्यादेचा हेतू असतो.

अशा गाडीचे निदान करताना सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे स्कॅनरवर ज्या सेन्सरचे नाव दिसले तो सेन्सर मोजमापावाचून बदलून टाकणे. ईसीएमची तक्रार ‘हा सेन्सर खराब आहे’ अशी नसते. ‘या मार्गाने आलेली माहिती पटण्याजोगी नाही’ एवढीच ती असते. माहिती न पटण्याचे कारण तीन ठिकाणी असू शकते : खुद्द सेन्सरमध्ये, सेन्सरपासून ईसीएमपर्यंतच्या वायरिंगमध्ये, अथवा ज्या गोष्टीचे मोजमाप चालू आहे त्या गोष्टीतच. साक्षीदार खोटे बोलतो आहे, त्याचा निरोप वाटेत बिघडला आहे, की त्याने सांगितलेली विपरीत गोष्ट खरोखरच घडली आहे, हे ठरवल्याशिवाय निकाल देता येत नाही, आणि लिंप मोडचे निदान म्हणजे मुख्यतः या तिन्ही शक्यतांची मोजून-मापून केलेली छाननी होय.

ही व्यवस्था का निर्माण झाली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पूर्वी ॲक्सिलरेटरचे पेडल आणि इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची झडप यांच्यात एक साधी पोलादी केबल असे. ती अडकली किंवा तुटली तर ते चालकाच्या पायालाच कळे. इंधन आणि ठिणगी या दोहोंचे नियंत्रण एकाच डिजिटल संगणकाकडे सोपवणारी बॉश कंपनीची ‘मोट्रॉनिक’ प्रणाली १९७९ साली बीएमडब्ल्यूच्या ७३२आय या गाडीत आली, आणि पुढच्या दशकाच्या उत्तरार्धात बीएमडब्ल्यूच्याच बारा सिलिंडरच्या ७५०आयएलमध्ये पेडल आणि थ्रॉटल यांच्यातली केबलही नाहीशी झाली. पेडल आता केवळ एक विद्युतसंकेत देते आणि थ्रॉटल एका मोटरने उघडला जातो. केबल गेल्यावर एका चुकीच्या संकेताने गाडी आपोआप वेग घेण्याचा धोका उभा राहिला. म्हणून जर्मन मोटार उत्पादकांनी एकत्र येऊन ‘ई-गॅस’ नावाने ओळखली जाणारी तीन स्तरांची देखरेख-पद्धत ठरवली. तिच्या पहिल्या स्तरावर इंजिन चालवण्याचे नेहमीचे काम होते, दुसरा स्तर पहिल्याने काढलेली उत्तरे स्वतंत्रपणे ताडून पाहतो, आणि तिसरा स्तर संगणकाचे हार्डवेअरच ठीक चालले आहे की नाही हे तपासत राहतो. लिंप मोड हा या सततच्या संशयाचा दृश्य परिणाम आहे.

या संशयाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पेडलमध्येच सापडते. तेथे एक नव्हे, तर दोन स्वतंत्र सेन्सर बसवलेले असतात आणि अनेक गाड्यांत दुसऱ्याचा व्होल्टेज पहिल्याच्या निम्मा ठेवलेला असतो. पेडल मोकळे असताना एकाकडून सुमारे ०.७५ व्होल्ट येत असतील तर दुसऱ्याकडून ०.३७ च्या आसपास यावेत, आणि पेडल दाबत नेले तरी हे प्रमाण टिकावे, अशी अपेक्षा असते. दोघांची सांगड बसली नाही की ईसीएम कोणता खरा हे ठरवण्याच्या फंदात पडत नाही. तो ‘पी-२१३८’ हा कोड नोंदवतो आणि पेडलला दिला जाणारा प्रतिसाद अगदी मर्यादित करतो. थ्रॉटलच्या बाजूलाही अशीच तजवीज आहे. मोटरचा वीजपुरवठा तोडल्यास स्प्रिंगच्या ताणाने झडप पूर्ण बंद न होता किंचित उघडी राहते, त्यामुळे इंजिन नेहमीपेक्षा थोड्या जास्त फेऱ्यांवर चालू राहते आणि गाडी रांगत का होईना, पुढे जाऊ शकते.

ईसीएम आणि सेन्सर यांच्यातला संवाद बहुतांश वेळा व्होल्टेजच्या भाषेत चालतो. ईसीएम सेन्सरला ५ व्होल्टचा स्थिर पुरवठा करतो, ज्याला ‘रेफरन्स व्होल्टेज’ म्हणतात, आणि दाब किंवा स्थिती बदलेल तसा सेन्सर त्यातला साधारण ०.५ ते ४.५ व्होल्ट एवढा भाग संकेत म्हणून परत पाठवतो. दोन्ही टोकांना अर्धा अर्धा व्होल्ट मुद्दाम मोकळा सोडलेला असतो, कारण वायर तुटली किंवा बॉडीला चिकटली तर संकेत शून्याजवळ किंवा ५ व्होल्टजवळ जातो, आणि असा आकडा कोणत्याही खऱ्या दाबाने येऊ शकत नाही हे ईसीएमला ठाऊक असते. कोडच्या वर्णनात ‘सर्किट लो’ किंवा ‘सर्किट हाय’ असे शब्द आले तर संकेत या मोकळ्या पट्ट्यात शिरला आहे, म्हणजे तपास विजेच्या मार्गापासून सुरू करावा, असा त्याचा अर्थ होतो. ‘रेंज/परफॉर्मन्स’ असे शब्द आले तर संकेत मर्यादेतच आहे, पण इतर सेन्सरांच्या सांगण्याशी तो जुळत नाही. आणि ‘टर्बोचा दाब कमी’ यासारखा कोड असेल तर सेन्सरवर ईसीएमचा आक्षेपच नसतो, परिस्थितीच बिघडल्याचे त्याने मान्य केलेले असते. कोडच्या नावातला हा फरक लक्षात न घेता तिन्ही प्रकारांत सेन्सरच बदलला जातो, आणि ग्राहकाचे पैसे वाया जाण्याची सुरुवात तेथेच होते.

कोडची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. पहिले अक्षर ‘पी’ असेल तर बिघाड इंजिन किंवा गिअरबॉक्सचा, ‘सी’ असेल तर ब्रेक-स्टिअरिंगसारख्या चॅसिसच्या भागांचा, ‘बी’ असेल तर बॉडीचा, आणि ‘यू’ असेल तर गाडीतल्या निरनिराळ्या संगणकांच्या आपसांतल्या संपर्काचा; त्यानंतरचा अंक शून्य असल्यास कोडचा अर्थ सर्व उत्पादकांसाठी सामाईक असतो आणि एक असल्यास तो उत्पादकाने स्वतः ठरवलेला असतो. ही समान भाषा प्रदूषण-नियंत्रणाच्या कायद्यांमुळे आली. अमेरिकेत १९९६ सालापासूनच्या मोटारींना ‘ओबीडी-२’ ही स्वयंनिदान-प्रणाली सक्तीची झाली. भारतात भारत स्टेज-४ च्या निकषांबरोबर २०१० पासून तिचे प्राथमिक आणि २०१३ पासून अधिक व्यापक रूप आले, आणि १ एप्रिल २०२० रोजी लागू झालेल्या भारत स्टेज-६ ने तिची कक्षा आणखी वाढवली. स्टिअरिंगखालचा सोळा पिनांचा जो सॉकेट आज स्कॅनर जोडण्यासाठी वापरला जातो, तो याच कायद्यांची देणगी आहे.

निदानाला बसताना पहिली काळजी पुरावा नष्ट न करण्याची घ्यावी लागते. बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली की दिवा विझतो आणि गाडी पळू लागते, हा उपाय अनेक ठिकाणी सर्रास केला जातो. परंतु त्याने अनेक गाड्यांतील ‘फ्रीझ फ्रेम’ पुसली जाते. फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड नोंदवला गेला त्या क्षणी इंजिनाचे फेरे, गाडीचा वेग, इंजिनावरचा भार, पाण्याचे तापमान इत्यादी आकड्यांची ईसीएमने करून ठेवलेली नोंद. बिघाड थंड इंजिनावर, सिग्नलला उभे असताना झाला, की तापलेल्या इंजिनावर, घाट चढताना पूर्ण भाराखाली झाला, हे तीच सांगते, आणि अर्धे निदान या एका भेदावर अवलंबून असते. म्हणून सर्व संगणकांतले सर्व कोड, अजून पक्के न झालेले ‘पेंडिंग’ कोडसुद्धा, आणि फ्रीझ फ्रेम लिहून घेतल्यावरच काहीही पुसावे.

त्यानंतर पाहायची गोष्ट बॅटरी आणि अर्थिंग ही होय, कारण पुरवठाच डळमळीत असेल तर निरोगी सेन्सरही चुकीचे बोलतात. बंद गाडीतल्या पूर्ण भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू इंजिनावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. अर्थिंग तपासताना मल्टिमीटर ओहमवर ठेवून वायरचा रोध मोजण्याची प्रथा आहे, परंतु ती फसवी ठरते : गंजलेल्या वायरीतली एक तार जरी शाबूत असली तरी मीटर जवळजवळ शून्य रोध दाखवतो, कारण मीटरचा स्वतःचा प्रवाह नगण्य असतो. खरी परीक्षा भाराखाली होते. इंजिन चालू ठेवून, दिवे-पंखे लावून, बॅटरीचे ऋण टोक आणि ईसीएमची अर्थ पिन यांच्यात व्होल्टेज मोजावा, तो ०.१ व्होल्टच्या आत असणे चांगले, आणि त्याहून बराच जास्त निघाला तर सेन्सरांच्या संकेतांवर विसंबता येत नाही. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि तिला कोणतेही महाग उपकरण लागत नाही, तरी ती वगळली जाण्याचे प्रमाण फार मोठे आहे.

एकाच वेळी चार-पाच सेन्सरांचे कोड आले, तर चार-पाच सेन्सर एकदम निकामी झाले असे मानण्यापेक्षा त्या सर्वांत सामाईक काय आहे हे शोधणे शहाणपणाचे. ५ व्होल्टचा पुरवठा ईसीएममधून दोन-तीन शाखांनी बाहेर पडतो आणि एकेका शाखेवर अनेक सेन्सर असतात. त्यांपैकी एखादा आतून शॉर्ट झाला किंवा त्याची वायर सोलून बॉडीला लागली, तर संपूर्ण शाखा खाली ओढली जाते आणि बिचारे शेजारचे सेन्सर नाहक दोषी ठरतात. एसीच्या गॅसचा दाब मोजणाऱ्या सेन्सरमुळे ॲक्सिलरेटर मरून जावा, हे ऐकायला विचित्र वाटते. पण दोघे एकाच शाखेवर असतील तर ते शक्य असते. ‘पी-०६४१’ हा कोड रेफरन्स पुरवठ्याचाच असल्याने तो सोबत असेल तर दिशा लगेच मिळते. एरवी त्या शाखेवरच्या सेन्सरांचे कपलर, म्हणजे वायरींचे जोड, एकेक करून काढावेत आणि मीटरवर ५ व्होल्ट कोणता कपलर निघताच परत येतात ते पाहावे. सर्व कपलर निघूनही व्होल्टेज परत आला नाही, तर दोष वायरिंगमध्ये किंवा ईसीएममध्ये असतो. या शाखेवर भार टाकण्यासाठी बल्ब मात्र कधीही जोडू नये. एवढा प्रवाह देण्यासाठी ती बनवलेलीच नसते.

दोन वायरींच्या तापमान-सेन्सरची तपासणी याहूनही सोपी आहे. हे सेन्सर ‘थर्मिस्टर’ जातीचे असतात, म्हणजे तापमान वाढेल तसा त्यांचा रोध घटतो. खोलीच्या तापमानाला दोन-तीन हजार ओहम असणारा रोध इंजिन तापल्यावर काही शे ओहमपर्यंत उतरतो. कपलर काढला की मार्ग तुटतो आणि स्कॅनरवर उणे ४० अंश सेल्सिअससारखा अशक्य आकडा दिसायला हवा. कपलरमधल्या दोन पिना छोट्या वायरने जोडल्या की तोच आकडा सव्वाशे-दीडशे अंशांकडे उसळायला हवा. दोन्ही गोष्टी घडल्या, तर वायरिंग आणि ईसीएम दोन्ही निर्दोष ठरतात आणि संशय सेन्सरवर येतो. एकही घडली नाही, तर नवा सेन्सर आणण्यात अर्थ नसतो. एका छोट्या वायरीच्या तुकड्याने तीन शक्यतांपैकी दोन निकालात निघतात, यापेक्षा सुबक चाचणी वाहनदुरुस्तीत क्वचितच सापडेल.

संकेत मर्यादेत असूनही पटत नाही, तेव्हा काम अधिक विचाराचे होते, कारण आता सेन्सरचे म्हणणे एखाद्या स्वतंत्र सत्याशी ताडून पाहावे लागते. असे सत्य निसर्ग फुकट पुरवतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत सकाळी इंजिनाचे पाणी, आत येणारी हवा आणि बाहेरची हवा यांची तापमाने जवळजवळ सारखी असतात. एखादा सेन्सर वीस अंश वेगळे सांगत असेल तर तो उघडा पडतो. इंजिन बंद ठेवून केवळ इग्निशन चालू केले, तर इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या ‘मॅप’ सेन्सरने वातावरणाचा दाबच दाखवला पाहिजे, आणि हा दाब जागेच्या उंचीवर अवलंबून असतो : मुंबईत समुद्राकाठी तो सुमारे १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास आणि महाबळेश्वराच्या पठारावर ८६ च्या जवळ असतो. महाबळेश्वरात उभ्या गाडीचा मॅप सेन्सर १०० दाखवू लागला तर तो खोटे बोलत आहे हे इंजिन सुरू न करताच कळते. डिझेल गाडीतील कॉमन रेलमध्ये, म्हणजे ज्या सामाईक नळीत इंधन हजाराहून अधिक बारच्या दाबाखाली साठवले जाते तिच्यात, गाडी काही तास बंद असल्यावर दाब उरत नाही. अशा वेळी रेलच्या सेन्सरचा संकेत बहुधा ०.५ व्होल्टजवळ स्थिरावतो. तो तसा असेल, तर इंजिन चालू असताना त्याने सांगितलेला कमी दाब खरा मानून डिझेल फिल्टर, पंप आणि इंजेक्टर यांकडे वळावे.

हवेचे प्रमाण मोजणाऱ्या ‘मॅफ’ सेन्सरचा प्रश्न सर्वांत बोधप्रद आहे. या सेन्सरमध्ये तापवलेली बारीक तार किंवा पट्टी असते आणि वाहत्या हवेने ती किती थंड होते यावरून हवेचे वजन ठरवले जाते. तिच्यावर धूळ किंवा तेलाचा थर बसला की आकडा कमी येतो. हा आकडा कागदावर तपासता येतो. चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाएवढी हवा ओढते. त्यामुळे टर्बो नसलेले दोन लिटरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर तत्त्वतः मिनिटाला ३,००० लिटर, म्हणजे सेकंदाला ५० लिटर हवा घेईल. समुद्रसपाटीला एक लिटर हवा सुमारे १.२ ग्रॅम भरते, म्हणून हिशेब सेकंदाला ६० ग्रॅमचा होतो, आणि थ्रॉटल पूर्ण उघडा असतानाही सिलिंडर शंभर टक्के भरत नसल्याने प्रत्यक्षात ५० ग्रॅमच्या आसपास अपेक्षा ठेवावी. स्कॅनरवर ३० दिसले, तर दोन अर्थ संभवतात : सेन्सर मळला आहे, किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदल्यासारख्या कारणाने इंजिन खरोखरच कमी हवा घेत आहे. या दोहोंतला निवाडा ‘फ्युएल ट्रिम’ करते. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ आहे की दाट हे सांगतो आणि त्यानुसार ईसीएम इंधनात जी टक्केवारीची दुरुस्ती करतो तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. मॅफ खोटेपणाने कमी आकडा देत असेल तर इंधन कमी पडते आणि ट्रिम मोठ्या प्रमाणात अधिक होते. हवा खरोखरच कमी असेल तर इंधनही त्याच मापाने कमी दिले जाते आणि ट्रिम फारशी हलत नाही. डिझेल इंजिनात हा न्याय तसाच लावता येत नाही. तेथे जळालेला वायू पुन्हा इंजिनात सोडणारी ‘ईजीआर’ झडप उघडी अडकली असता ताज्या हवेला जागाच कमी उरते, आणि तिचा दोष बिचाऱ्या मॅफच्या माथी मारला जातो.

टर्बोच्या बाबतीत सेन्सर बहुधा खरेच बोलत असतो. ‘पी-०२९९’ हा दाब कमी पडल्याचा कोड आल्यावर मॅप सेन्सर बदलण्यापूर्वी इंटरकूलरचे रबरी पाइप हाताने चाचपावेत. क्लिप सैल होऊन किंवा पाइप उभा चिरून हवा बाहेर निसटत असेल तर चिरेभोवती तेलाचा ओलावा दिसतो. टर्बोच्या पात्यांचा कोन बदलणारी यंत्रणा काजळीने अडकलेली असू शकते, किंवा तिला हलवणाऱ्या व्हॅक्युमची बारीक नळी उन्हा-उष्णतेने तडकलेली असू शकते. स्कॅनरवर ‘अपेक्षित दाब’ आणि ‘प्रत्यक्ष दाब’ या दोन रेषा शेजारी-शेजारी ठेवून चढणीवर गाडी चालवली, की त्या कोठे फाकतात ते दिसते. त्याचप्रमाणे ‘पी-००१६’ हा क्रँक आणि कॅम यांच्या सेन्सरांत मेळ नसल्याचा कोड अनेकदा दोन्ही सेन्सर निर्दोष असताना येतो, कारण क्रँक आणि कॅम या दांड्यांना जोडणारी टायमिंग चेनच ताणली गेलेली असते. असा कोड दुर्लक्षित करून सेन्सर बदलत बसणे इंजिनाच्या जिवावर बेतू शकते.

गिअरबॉक्सचा लिंप मोड स्वतंत्रपणे ओळखावा लागतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये विजेवर चालणाऱ्या सोलेनॉइड झडपा तेलाचा दाब इकडून तिकडे वळवून गिअर बदलतात, आणि नियंत्रकाने त्यांची वीज तोडली की केवळ तेलाच्या दाबावर मिळू शकणारा एक पुढचा गिअर आणि रिव्हर्स एवढेच शिल्लक राहते. आत शिरणारा आणि बाहेर पडणारा वेग दोन सेन्सर मोजतात, आणि त्यांचे गुणोत्तर त्या गिअरच्या ठरलेल्या गुणोत्तराशी जुळले नाही तर एक तर सेन्सर चुकतो आहे किंवा आतल्या क्लचच्या प्लेटा घसरत आहेत. मर्सिडीज-बेंझचा ‘७२२.६’ हा पाच गिअरांचा गिअरबॉक्स या बाबतीत प्रसिद्ध आहे. त्याचे वेग-सेन्सर तेलात बुडालेल्या एका प्लेटमध्येच बसवलेले असून दोष आढळताच तो दुसऱ्या गिअरवर अडकतो, आणि त्याच्या कपलरमधून झिरपलेले तेल वायरींच्या आतून केशाकर्षणाने दूरच्या नियंत्रकापर्यंत चढल्याची उदाहरणे जगभरच्या मेकॅनिकांना परिचित आहेत.

अवजड डिझेल वाहनांत आणखी एक प्रकार आढळतो, आणि तो बिघाडामुळे नव्हे तर कायद्यामुळे येतो. नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये युरियाचे ३२.५ टक्के द्रावण फवारले जाते, ज्याला चालक नुसते ‘युरिया’ म्हणतात. ते संपत आले, त्याऐवजी पाणी भरले, किंवा त्याचे सेन्सर बंद पाडले, तर युरोपच्या युरो-६ नियमांनुसार आधी इंजिनाचा कमाल टॉर्क २५ टक्क्यांनी घटवावा लागतो आणि तरीही दुरुस्ती न झाल्यास वेग ताशी २० किलोमीटरवर आणावा लागतो. भारत स्टेज-६ चे निकष याच चौकटीवर बेतलेले आहेत, आणि त्यांच्या चाचणीपद्धतीचे ‘एआयएस-१३७’ हे मानक पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने प्रसिद्ध केलेले आहे. अशा वाहनात इंजिनाचे सेन्सर तपासत बसण्यापूर्वी टाकीतले द्रावण खरे आहे का, हे पाहावे.

सर्वांत चिकाटी लागते ती मधूनच येणाऱ्या आणि मधूनच जाणाऱ्या दोषाला. पावसाळ्यात कपलरमध्ये पाणी शिरून पिनांवर हिरवट गंज चढतो, उबेसाठी बॉनेटखाली आलेले उंदीर वायरी कुरतडतात, आणि इंजिनाच्या कंपनाने कंसाला घासून हार्नेसचे, म्हणजे वायरींच्या जुडग्याचे, आवरण फाटते. गाडी गॅरेजमध्ये पोचेपर्यंत वायर पुन्हा टेकलेली असते आणि सर्व आकडे योग्य दिसतात. येथे स्कॅनरवरचा संकेत चालू ठेवून हार्नेस थोडा-थोडा हलवत जावा, कपलरवर पाण्याचा हलका फवारा मारावा, तापल्यावर दगा देणाऱ्या क्रँक सेन्सरला गरम हवा द्यावी, म्हणजे बिघाड ज्या परिस्थितीत होतो ती परिस्थिती जागेवर उभी करावी. ऑसिलोस्कोप असेल तर संकेताची क्षणभराची तूटही दिसते, जी मल्टिमीटरच्या संथ आकड्यांत हरवते.

हे सर्व करण्यासाठी गॅरेजला माहिती मिळाली पाहिजे, आणि येथे प्रश्न तंत्रज्ञानाबाहेर जातो. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग, तांत्रिक पुस्तिका आणि निदानाची उपकरणे मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता, आणि या आदेशावर पुढे अपिलेही झाली. तालुक्याच्या गावातल्या कुशल मेकॅनिककडे सर्किटचा नकाशा नसेल, तर कोणते सेन्सर एका शाखेवर आहेत हे त्याने अंदाजाने ठरवायचे, आणि अंदाज चुकला की भुर्दंड गाडीच्या मालकाने सोसायचा, ही स्थिती न्याय्य नाही. स्वस्त स्कॅनर आज कोणालाही मिळतो. त्याने दिलेल्या कोडमागची माहिती मात्र मिळायला हवी तितकी सहज मिळत नाही.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसून गाडी ग्राहकाच्या हवाली करणे पुरेसे नसते, कारण अनेक दोष ईसीएम दोन सलग प्रवासांत पुन्हा आढळल्याशिवाय पक्के मानत नाही आणि तोवर दिवा विझलेलाच राहतो. फ्रीझ फ्रेममध्ये नोंदलेला वेग, भार आणि तापमान ज्या रस्त्यावर पुन्हा मिळेल त्या रस्त्यावर गाडी चालवून पाहावी, नंतर पेंडिंग कोड वाचावेत, आणि ईसीएमच्या स्वयंतपासण्या, ज्यांना ‘रेडीनेस मॉनिटर’ म्हणतात, पूर्ण झाल्या आहेत का ते पाहावे. कोड नुकतेच पुसलेल्या गाडीत यांपैकी बऱ्याच तपासण्या अपूर्ण दिसतात. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही व्यवहारापूर्वी एवढे जरूर पाहून घ्यावे, कारण विझलेला ‘चेक इंजिन’ दिवा आणि अपूर्ण मॉनिटर एकत्र दिसले, तर बिघाड दुरुस्त झाला नसून नुसताच पुसला गेला असण्याची शक्यता मोठी असते.